ढीग थंड हाय

फोड होता. डाव्या तळहाताच्या कडेला, करंगळीच्या खाली, टपोऱ्या बोराएवढा, आत पाणी धरलेला. तळहातावर राखुंडी ओतून घेताना निंगप्पाचं तिकडं लक्ष गेलं आणि तो परसातल्या दगडावर तसाच बसून राहिला, उजव्या हाताचं बोट तोंडात, डावा हात डोळ्यांपुढं... आता हा कुठून आला? रात्री झोपताना नव्हता. की होता? चहाचं भांडं लागलं म्हणावं तर चहा बायको, मल्लव्वा, करते, आणि हल्ली देते तीही कपबशी भुईवर ठेवून, हातात नाही. त्यानं नखानं फोड दाबला. पाणी आतल्या आत सरकलं. दुखलं नाही. आणखी जोरात दाबला, तरी काही नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपण चुकून धरलाय असं वाटलं.

मग त्याला सळई आठवली.

काल संध्याकाळी वखारीत त्यानं भुशाच्या ढिगात सळई खुपसली होती, नेहमीसारखी. लाकडाचा भुसा ओला राहिला की आतल्या आत तापतो. वरून हात फिरवा, गार. धूर नाही, वास नाही, आणि एक दिवस मेला पोटातून पेट घेतो आणि उभी वखार खाऊन मोकळा होतो. म्हणून पुरुषभर लांबीची लोखंडी सळई ढिगात पार पोटापर्यंत घालायची, एक बिडी ओढून होईस्तोवर ठेवायची, उपसायची, आणि तिचं टोक हाताच्या कडेला टेकवायचं. तळहात कामाचा नाही, पोती उचलून त्याला घट्टे पडलेले असतात—हे आप्पांचं, म्हणजे वडिलांचं सांगणं—करंगळीखालची ही कड मऊ, तिला कळतं. आप्पा गेल्यापासून हे काम निंगप्पाचं. थोरला भाऊ बसप्पा गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाइकं सांभाळतो, ट्रकवाल्यांशी भांडतो. पण ढिगाचं काय ते निंगप्पाच्या हाताला विचारायचं. काल त्यानं सळई उपसली, टेकवली, जरा वेळ धरून ठेवली, आणि गल्ल्याकडं तोंड करून ओरडला, "अण्णा, ढीग थंड हाय!"

थंड लागली होती म्हणून ओरडला. खरं तर लागलीच नव्हती.

म्हणजे या एवढ्याशा फोडानं दोन गोष्टी एकदम सांगून टाकल्या होत्या. ढीग तापलाय. आणि हात गेलाय. त्यानं तोंड धुतलं, चूळ भरली, पंच्यानं तोंड पुसलं. खरं तर पळत सुटायला हवं होतं; वखारीचा हमाल कोंडीबा रात्री तिथंच, ढिगाच्या पायथ्याशी रिकाम्या पोत्यांवर झोपतो. हे त्याला ठाऊक होतं, डोळ्यांपुढं दिसतही होतं... पण पाय नेहमीच्याच चालीनं चपला शोधत होते. मी पळत का नाही? माणूस जळत असेल तिथं, आणि मी चपलेचा अंगठा नीट बसवतोय. त्याला स्वतःचं नवल वाटलं, पण तेही जरासंच, शेजारच्या घरातलं काही ऐकल्यावर वाटावं तेवढं.

दारात नंदा बसली होती. महानंदा नाव, चार वर्षांची पोर. बाप बाहेर निघाला की पायाला मिठी मारायची तिची सवय. ती उठून आली तसा तो बाजूनं निघून गेला. मागं मल्लव्वानं ताट आपटल्याचा आवाज आला.

दिवाळीच्या सुमारास डाव्या मनगटापाशी एक चट्टा उठला होता. फिकट, तांबूसपणाकडं झुकणारा. गजकर्ण असेल म्हणून त्यानं मलम लावलं. मग करंगळी मुंग्या आल्यासारखी व्हायला लागली, आणि मग मुंग्याही यायच्या थांबल्या. तेव्हा त्याला कळलं. शिकला नसला म्हणून काय झालं, हे कळायला शिकावं लागत नाही. महारोग. त्यानं तो शब्द एकदा मनात म्हणून पाहिला होता, नाक्यावर ट्रकची वाट बघत उभा असताना, आणि पुढं काही झालं नाही. छातीत धस्स होईल, डोळ्यांपुढं अंधारी येईल अशी तो वाट बघत राहिला. तेवढ्यात ट्रक आला आणि तो पावती फाडून घ्यायला गेला.

भीती वाटायलाच हवी होती. त्याची आत्या, नागव्वा, अक्कलकोटच्या पलीकडं गावाकडच्या रानात बांधाला छप्पर घालून ठेवली होती. लहानपणी सुट्टीला गेला की भाकरी पोचवायचं काम त्याच्याकडं असायचं. दगडावर ठेवायची, हाक मारायची, आणि मागं बघायचं नाही—असं आजीनं सांगितलेलं. त्यानं एकदा बघितलं होतं. आत्या भाकरी दोन्ही मनगटांत धरून तोडत होती आणि तोडता तोडता गाणं म्हणत होती, जात्यावरचं, कानडी... गाणं चांगलं होतं. ती मेली तेव्हा छपरासकट जाळली, आणि सुतक संपल्यावर घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. मल्लव्वा लग्न होऊन आली तिला तर अशी कुणी आत्या होती हेच माहीत नाही.

आणि हल्ली या रोगावर गोळ्या निघाल्यात, हेही त्याला माहीत होतं. मागं सरकारी माणूस गल्लीत आला होता, पिशवीत टाचणी आणि पीस घेऊन. घरोघर उघड्या अंगानं उभं करून कातडीला कळतंय का ते बघत होता. "चट्टा असला तर घाबरू नका, फुकट गोळ्या आहेत, लवकर आलात तर बरं होतं," असं ओट्यावर उभा राहून तो सांगत होता, आणि निंगप्पा मागच्या दारानं वखारीला निघून गेला होता. बरं होईल. पण गोळ्या घ्यायला त्या रांगेत उभं राहावं लागेल, आणि रांग रस्त्यावरून दिसते.

रोग कळला तेव्हापासून त्यानं पोरीला जवळ घेणं सोडलं. वेगळी चटई, वेगळा पंचा. मल्लव्वानं विचारलं तेव्हा उकडतंय म्हणाला. थंडीच्या दिवसांत.

वखार उभी होती. कोंडीबा दारात बसून बशीतनं चहा ओढत होता, आणि "या धाकलं मालक, आज लवकर?" असं तोंडभरून म्हणालाही. निंगप्पानं मान हलवली. हा जिवंत आहे, बरं झालं, असं मनात म्हणाला. शब्द बरोबर होते. त्यांच्याबरोबर जे यायला हवं ते आलं नाही.

ढीग नेहमीसारखा मागच्या भिंतीला टेकून बसला होता. भिंतीवर त्याच्या डोक्यावरून पार पत्र्यापर्यंत तेलकट तपकिरी डाग चढत गेला होता, म्हणजे एके काळी ढीग तिथवर असायचा. आप्पांच्या काळात भुसा कुणी विकत घेत नव्हतं. दांडेली-हल्याळकडनं सागाच्या फळ्या घेऊन ट्रक यायचे, फळ्यांच्या फटीत, टपावर, जिथं जागा मिळेल तिथं भुसा भरून यायचा. तिकडच्या लाकूड कापणाऱ्या गिरणीवाल्यांना तो कधी एकदा अंगणातनं जातोय असं झालेलं, आणि इकडं आप्पा ड्रायव्हरला चहा पाजून उतरवून घ्यायचे. मग खानावळींनी भुशाच्या शेगड्या केल्या, मग चादरीच्या सुताला रंग देणाऱ्या कारखान्यांनी कढयांखाली भुसा घातला. आणि मग दुष्काळ पडला... दोन वर्षं. गुरं गेली तशा गोवऱ्या गेल्या, बाभळी तोडून संपल्या, रॉकेलला रांगा लागल्या, आणि सोलापुरात जो तो जाळाला भोक राहावं म्हणून बाटली मधे उभी धरून शेगडीत भुसा ठासायला लागला. नुसत्या भुशाचे ट्रक यायला लागले, एकामागं एक, जकात नाक्यावर ओळीनं उभे. लोक उपाशी, आणि यांच्या घरात पत्र्याला टेकलेला ढीग. अण्णानं बोटात अंगठी घातली ती तेव्हा. निंगप्पाला तेव्हा आनंद होत होता का? झाला असावा. त्याच साली त्याचं लग्न झालं, आणि मल्लव्वा वखार बघायला आली तेव्हा हसून म्हणाली होती, एवढ्याचं काय करता, खाता का काय?

मग आवक उतरायला लागली. आणीबाणी उठली त्या सुमारास कुणी तरी बातमी आणली की तिकडं भुसा दाबून त्याचे तक्ते करणारा कारखाना निघालाय. जे अंगणातनं काढून टाकायचे तेच आता वजनावर विकायला लागले. आठवड्याचे ट्रक पंधरवड्याला आले, पंधरवड्याचे महिन्याला. आणि येतो तोही कसला, तर सालपटं मिसळलेला, घाटातल्या पावसात भिजलेला. परवाचा ट्रक तसाच होता. अण्णा म्हणाला होता, ओला वाटतोय रे, पसरायचा का? निंगप्पानं मूठ भरून दाबून बघितली—डाव्या हातानंच, सवयीनं—आणि म्हणाला, चालंल.

अक्कम्मा आली होती. पलीकडच्या गल्लीत मागावरच्या कामगारांची खानावळ चालवणारी, आप्पांच्या वेळचं गिऱ्हाईक. एकच पोतं घेऊन निघाली.

"एकच?" अण्णा गल्ल्यावरून म्हणाला.

"एक बी जड झालंय बसप्पा," अक्कम्मा तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली. "धुरानं डोळे गेले माझे. लेक गॅस घे म्हणतोय, निळी शेगडी. नंबर लावलाय." आणि निंगप्पाकडं बघून, "ह्याला काय झालं? तोंड असं का, बायकोनं मारलं का काय?"

अण्णा हसला. निंगप्पाही हसला. हसणं अजून जमतं, त्याला वाटलं.

ती गेल्यावर त्यानं सळई उचलली आणि ढिगात घातली. बिडी ओढली. सळई उपसली, आणि या वेळी उजव्या हाताची कड लावली. चर्र झालं. सळई हातातून पडली, फरशीवर घणघणली, आणि हात आपोआप तोंडाकडं गेला... दुखत होतं! चांगलं सणसणून, डोळ्यांत पाणी येईल इतकं. क्षणभर तो त्या दुखण्याकडं बघत उभा राहिला. हा हात आहे अजून. हा आपला आहे.

"तापलाय, अण्णा."

"तापलाय?" बसप्पा गादीवरून उठला. "काल तर थंड म्हणालास की रे!"

हीच ती जागा होती. सांगायचं असतं तर इथं सांगायचं. सकाळपासून तो याच जागेची वाट बघत होता, आणि आली तेव्हा तोंडातून आपसूक निघालं, "रात्रीतनं तापला असंल."

अण्णानं सळईला बोट लावलं, शिवी हासडली, बोट झटकलं. "यप्पा! लई तापलाय. कोंडीबा, फावडी आण. पाणी घालू नका रे, पाणी घातलं तर चिखल हुईल समदा. उपसा, पसरा!" आणि मग निंगप्पाच्या पाठीवर थाप मारून, "तुझा हात हाय म्हणून वाचलो बघ. न्हायतर आज रात्री गेली होती वखार."

त्यानं विश्वास ठेवला. किती सोपं होतं.

दुपारपर्यंत ते ढीग फोडत होते. वरचा भुसा पिवळा, मग करडा, मग तपकिरी, आणि पोटात काळा, वाफा सोडणारा, भाजक्या गुळासारखा वास येणारा. एका जागी वर खपली धरलेली होती. कोंडीबा फावडं घेऊन तिच्यावर चढला आणि खपली खचली. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

तो ओरडला. पन्नाशीचा माणूस, दोन दोन पोती पाठीवर टाकणारा, "आई गं! आई, मेलो गं!" म्हणून असा ओरडला की रस्त्यावरची माणसं आत आली. त्याला उचलून बाहेर आणला, पाय बादलीत घातला, आणि तरी तो ओरडत होता, पाण्यात पाय नाचवत होता, मेलेल्या आईला हाका मारत होता. निंगप्पा बादली धरून बसला होता. हे आपल्यामुळं झालं. आपण काल खोटं बोललो—नाही, खोटं नाही, आपल्याला कळलं नाही. पण कळत नाही हे तर कळत होतं. एवढं सगळं त्याच्या मनात स्पष्ट, ओळीनं येत होतं, आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंच काही तरी हललं. त्याला कोंडीबाचा हेवा वाटला. भाजल्याबरोबर ओरडतो. ओरडल्याबरोबर माणसं धावून येतात. अशी साधी सरळ गोष्ट आहे ही, आणि ती आपल्याकडनं होत नाही.

कोंडीबाला टांग्यात घालून दवाखान्यात धाडल्यावर अण्णा निंगप्पाला घेऊन दारात बसला. अर्धा ढीग मातीमोल झाला होता.

"असं हाय निंग्या," अण्णा म्हणाला, "हितं बसून आता भुसा येत न्हाय. ते दिवस गेले. आता तिकडं आपलं माणूस बसाय पायजे. कोरडा बघून, मूठ दाबून, समोर उभं राहून भरून घेणारं. तू जा दांडेलीला. म्हैनाभर ऱ्हा. जमलं तर पुढं बी ऱ्हा. तुझ्या हाताला भुसा कळतो, आमाला काय कळतंय?"

निंगप्पाच्या मनात आलं, तिकडं कोण ओळखतंय? जंगलातल्या गिरण्या, परकी माणसं, एक खोली. एकट्यानं जेवायचं, एकट्यानं झोपायचं. पैसे पाठवायचे. वर्षातून एकदा यायचं, पुढं तेही नाही. कुणाला काही सांगायला नको, आणि पोरीला कधी काही व्हायला नको. बांधावर छप्परच ते, फक्त लांबचं, आणि आपलं आपण घातलेलं.

"जातो," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा दिवे लागत होते. मल्लव्वा दारातल्या उजेडात सूप मांडीवर घेऊन ज्वारी निवडत होती, नंदा तिच्याजवळ पोत्यावर झोपली होती, तोंड उघडं टाकून. तो पायरीवर टेकला. लांबच.

"अण्णा दांडेलीला जा म्हणत्यात," तो म्हणाला. "म्हैनाभर. जास्त बी लागंल."

सुपातला हात थांबला नाही. "जावा की."

"जाऊ?"

"मला काय इचारता? हितं असून तरी कुटं असता तुमी?" तिनं एक खडा वेचून रस्त्यावर फेकला. "दिवाळीपास्नं बघतेय. पोरगी मागं मागं फिरती तुमच्या, तिला एकदा मांडीवर घ्याचं न्हाय. रात्री रडली तरी कूस बदलायची. काय केलंय तिनं? पोरगी हाय म्हणून? का माझा कटाळा आलाय? आला असंल तर तसं सांगा, म्हायेरी जाते. बोलत तरी जावा वो... भिंतीसंगं किती दिस बोलू?"

तिचा आवाज चढला नव्हता. रोजचंच काही सांगावं तसं ती बोलली आणि पदरानं नाक पुसलं. निंगप्पाला वाटलं, आता उठावं. पिशवीत दोन धोतरं भरावीत. सकाळच्या गाडीनं गेलो की संपलं. ती मला वाईट म्हणेल, आणि वाईट नवऱ्याबरोबर बाई जगू शकते, पुष्कळ जगतात. पण हे सगळं मनात मांडून होईपर्यंत त्याचा डावा हात पुढं झाला होता. तिच्यासमोर, सुपावर.

"हितं चिमटा काढ," तो म्हणाला.

"काय?"

"करंगळीपाशी. काढ."

"खुळं का काय तुमी?"

"काढ म्हणतोय न्हवं."

तिनं काढला. रागानंच काढला, इतक्या दिवसांचा राग होता त्यात, दात आवळून, कातडी पिळून. आणि मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा काढला, या वेळी नखांनी. पुन्हा तोंडाकडं बघितलं. मग तिची बोटं सावकाश ढिली झाली. तिनं हात उजेडाकडं वळवला, फोड पाहिला, मनगटापर्यंत आली, चट्टा पाहिला. त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"दुखत न्हाय?"

"न्हाय."

"अय्यो शिवने," ती म्हणाली. घाबरली की ती कानडीत जाते. "यावागिंद? कवापास्नं हे?"

"दिवाळीपास्नं."

तिनं झोपलेल्या पोरीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, मग पुन्हा पोरीकडं. तिच्या चेहऱ्यावर काही तरी जुळत चाललेलं त्याला दिसत होतं, आणि ते काय जुळतंय ते मात्र दिसत नव्हतं. मग तिनं हात सोडला. ठेवला, की टाकला? त्याला सांगता आलं नसतं, तो डावा हात होता.

सूप बाजूला सारून ती उठली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि आत गेली. दार उघडंच होतं. रस्त्यानं कुणी तरी सायकलवरून घंटी वाजवत गेलं, आणि मग आत मोरीत तांब्या बादलीवर आपटला. पाणी ओतल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. ती हात धूत होती, की त्याच्यासाठी अंघोळीचं पाणी काढत होती? इतकं पाणी लागतं का हात धुवायला? पुन्हा तांब्या वाजला... मान वळवली असती तर दिसलं असतं. तो रस्त्याकडंच बघत राहिला. छातीत धाडधाड होत होतं, आणि आता उठायचं म्हटलं तरी उठता आलं नसतं. त्याला भीती वाटत होती.